पदर कुठे संपतो, पडदा कुठे सुरू होतो

मंगल कार्यालयातला मरून मखमली पडदा हा फोटो एडिटिंग करणाऱ्यांचा जुना वैरी आहे. त्याच्यासमोर काळ्याभोर केसांची नवरी उभी राहते. अंबाड्यावर गजरा, कपाळावरून मुंडावळ्या, लाइट धरणारा पोऱ्या भलतीकडेच बघत असलेला आणि फ्लॅशचा उजेड चेहऱ्यापर्यंत येऊन थांबलेला. चार दिवसांनी घरच्यांची फर्माईश येते: फोटो हाच घ्या, पण मागे पडदा नको, राजवाडा टाका. मग त्या फोटोत केस कुठे संपतात आणि पडदा कुठे सुरू होतो हे शोधायला कोणीतरी बसतो. डोळे ताणून पाहिले तरी दिसत नाही, कारण तिथे दिसण्यासारखे फारसे काही नसतेच.

आकड्यांतच बघू. आठ बिटच्या फोटोत प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे ० ते २५५ या पट्टीवरचे आकडे असतात. केसांच्या सावलीतल्या एखाद्या बिंदूचे आकडे २४, १८, १९ असे निघतात आणि त्याला लागून असलेल्या पडद्याचे २९, १७, २०. फोटोशॉपच्या मॅजिक वाँडची टॉलरन्स मुळात ३२ वर लावलेली असते. पाच आकड्यांचा फरक तिच्या खिजगणतीतही नाही. एक क्लिक केली की केस, पडदा, शेजारच्या मामाच्या कोटाची बाही या सगळ्यांभोवती एकच तुटक रेघ फिरू लागते. टॉलरन्स ३ वर आणावी, तर आयएसओ ३२०० वर काढलेल्या फोटोतल्या नॉइझचा चढउतार त्याहून मोठा. मग सिलेक्शन नुसते ठिपक्याठिपक्यांचे येते आणि डिलीट दाबून पुन्हा पहिल्यापासून.

या पेचावर आता एका बटणाचे उत्तर निघाले आहे. फोटोशॉपमध्ये २०१८ च्या सुरुवातीला 'सिलेक्ट सब्जेक्ट' आले, त्याच वर्षाअखेर 'रिमूव्ह डॉट बीजी' ही वेबसाइट आली, आणि २०२२ पासून आयफोनवर फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरले की तो पार्श्वभूमीतून सुटा होतो. शाळकरी पोरे व्हॉट्सअॅपचे स्टिकर करताना जे सहज करतात, त्यासाठी वीस वर्षांपूर्वी डीटीपी ऑपरेटरचा अर्धा दिवस जात असे. साहजिकच स्टुडिओत, फ्लेक्सच्या दुकानांत, मासिकांच्या मांडणी विभागांत वाद रंगतो. एक बाजू म्हणते, पेन टूल आता विसरा. दुसरी म्हणते, बटणाने केलेले कटिंग रस्त्यापलीकडूनही ओळखू येते. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घ्यावे असे आहे. मात्र खरा अवघड प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही, त्याकडे नंतर येऊ.

विषयाला पार्श्वभूमीतून सोडवण्याची खटपट संगणकाच्या आधीची आहे. छापखान्यांच्या प्रोसेस विभागात निगेटिव्हवर बारीक ब्रशने अपारदर्शक रंग लावून नको तो भाग झाकला जाई. हात थरथरला की पुढाऱ्याचा कान गेला. १९९० साली फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली तेव्हा लॅसो आणि मॅजिक वाँड तिच्यात होते, पुढच्या वर्षी पेन टूल आले, १९९८ मध्ये मॅग्नेटिक लॅसो, २००७ मध्ये क्विक सिलेक्शन आणि रिफाइन एज, २०१६ मध्ये सिलेक्ट अँड मास्क. संशोधनाच्या बाजूने मॉर्टेन्सन आणि बॅरेट यांची १९९५ मधली 'इंटेलिजंट सिझर्स' आणि मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज प्रयोगशाळेतली २००४ मधली 'ग्रॅबकट' ही त्यातली मोठी नावे. यातल्या स्वतःहून कड शोधणाऱ्या सगळ्या पद्धती कुठल्या ना कुठल्या रीतीने रंगांवर आणि उजेडावर विसंबून होत्या. जिथे रंग किंवा उजेड एकदम बदलतो तिथे कड, एवढेच त्यांना ठाऊक. म्हणून मरून पडद्यासमोरच्या नवरीच्या केसांशी आले की मॅग्नेटिक लॅसो गडबडतो आणि जवळच चकाकणाऱ्या मुंडावळीच्या मोत्यांना नाहीतर पडद्याच्या चुणीला जाऊन चिकटतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते.

नव्या साधनांचे तंत्र वेगळे आहे. असंख्य चित्रे आणि त्यांचे मास्क, म्हणजे विषयाचा भाग आखून देणारे साचे, पाहून ती शिकलेली असतात, त्यामुळे 'माणूस' साधारण कसा दिसतो याचा त्यांना अंदाज असतो. रंग बदलत नसला तरी मान इथे आहे म्हणजे खांदा तिथे असणार, असे धरून ती रेघ ओढतात. मेटा कंपनीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'सेगमेंट एनिथिंग' या मॉडेलच्या मागे १.१ कोटी चित्रे आणि ११० कोटी मास्क यांचा संग्रह होता. त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक मास्क खुद्द यंत्राने तयार केलेले. सुरुवातीचे धडे माणसांनी दिले, पुढचे सगळे त्याचे त्यानेच गिरवले. या गोष्टीचा अभिमान वाटावा की काळजी, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटते.

बटणाच्या बाजूने बोलायचे तर मुद्दे भक्कम आहेत. लग्नसराईत एका छोट्या गावातल्या स्टुडिओवाल्याकडे एकाच वेळी अनेक अल्बम पडलेले असतात, आणि अल्बमचे पैसे ग्राहक कटिंगवर मोजून देत नाही. हाताने केलेले सगळेच काम सुबक असते हा गोड गैरसमज आहे. घाईत पेन टूल मारून कापलेल्या केसांमुळे नवरीच्या डोक्यावर हेल्मेट बसवल्यासारखे दिसते, आणि असे अल्बम आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कपाटात आहेत. कंटाळा हाही एक मुद्दा आहे. ढाक्यात 'क्लिपिंग पाथ' करून देणाऱ्या कंपन्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला, तो जगभरच्या ऑनलाइन दुकानांच्या चपला, पिशव्या आणि कपबशा कापून देण्यावर. अॅमेझॉनला वस्तूचा मुख्य फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर, म्हणजे तिन्ही रंग २५५ असलेल्या पांढऱ्यावर लागतो. पांढऱ्यावर पांढरी कपबशी वेगळी काढत दिवस घालवणाऱ्या माणसाच्या कष्टांची कोणी गोडवे गाऊन बोळवण करू नये. ते काम यंत्राने घेतले तर डोळ्यांची सुटका होते. रोजगार जातो हेही तितकेच खरे, आणि ज्यांचा जातो त्यांना डोळ्यांच्या सुटकेचे कौतुक नसते.

हाताच्या बाजूचा युक्तिवाद समजून घ्यायचा तर कडेवरच्या एकाच बिंदूकडे नीट पाहायला हवे.

सुटा केस बहुधा कॅमेऱ्याच्या एका बिंदूपेक्षा बारीक असतो. त्यामुळे कडेवरच्या बिंदूत थोडा केस असतो आणि थोडा पडदा. फोटोत आपल्याला त्या दोघांचे मिश्रण मिळते, तीन आकड्यांत. शोधायचे काय, तर केसाचा खरा रंग, म्हणजे तीन आकडे. पडद्याचा खरा रंग, आणखी तीन. आणि मिश्रणात केस किती टक्के, हा सातवा. तीन समीकरणांत सात अज्ञाते. दहावीच्या बीजगणितालाही हे सुटत नाही आणि विद्यापीठालाही नाही. तिथे कुठल्यातरी गृहीतकाच्या आधारे अंदाजच करावा लागतो. टक्केवारीचा हा सातवा आकडा म्हणजेच अल्फा. चित्रासोबत तो एका स्वतंत्र चॅनेलमध्ये साठवण्याची कल्पना एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मांडली. आजही 'आत की बाहेर' एवढेच सांगणारी साधने आणि 'आत किती टक्के' हे सांगणारी साधने यांच्यात मोठे अंतर आहे. सेगमेंट एनिथिंग मूळचे पहिल्या प्रकारातले. अंतरपाट धरलेला फोटो त्याला द्या. पातळ कापडातून पलीकडचा नवरदेव अंधुक दिसतो आहे. त्याला आत धरायचे की बाहेर? हो किंवा नाही यापलीकडे ज्याला उत्तर देता येत नाही त्याने इथे काय करावे?

जुना ऑपरेटर अशा वेळी चॅनेल उघडतो. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही एकेक करून काळ्या-पांढऱ्यात बघतो. मरून पडदा लाल चॅनेलमध्ये जरा उजळ पडतो आणि केस काळेच राहतात. रंगीत फोटोत जिचा मागमूस नव्हता ती कड इथे पुसटशी दिसू लागते. त्या चॅनेलची कॉपी काढायची, लेव्हल्स ताणायच्या, ओव्हरले मोडमधला ब्रश कडेकडेने फिरवायचा, चेहरा आणि अंग सरळ भरून टाकायचे आणि त्याचाच मास्क करायचा. गजऱ्यासाठी मात्र हिरवा चॅनेल बरा, कारण तिथे पडदा जवळजवळ काळा आणि मोगरा पांढराशुभ्र. खांदा, कोपर, शालूचा काठ यांना पेन टूल. म्हणजे एकाच नवरीसाठी तीन तऱ्हेचे तीन मास्क, नंतर एकत्र केलेले. शिवाय वरती एक तात्पुरता कर्व्हज लेयर, अंधार उपसून काढायला. काम झाले की तो बंद. हे सगळे करताना तो माणूस आणखी एक गोष्ट वापरत असतो जी सॉफ्टवेअरच्या कुठल्याच मेनूत नाही: नथीच्या फाशाच्या आत मोकळी जागा असते, मुंडावळी दोऱ्यात ओवलेली असते आणि तो दोरा कानामागे जातो, पदर खांद्यावरून मागे पडतो तेव्हा त्याची सावली पाठीवर येते, हे त्याला माहीत असते. बटणाने काढलेल्या सिलेक्शनमध्ये नथ बहुधा शाबूत येते, पण तिच्या फाशातून जुना मरून पडदा डोकावत राहतो. मोठा प्रिंट काढेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग सासूबाईंच्या येते.

इथवर ऐकले की हाताच्या बाजूने मत द्यावेसे वाटते. पण हा हिशेब अपुरा आहे. चॅनेल उघडूनही केस आणि पडदा वेगळे होत नाहीत असे फोटो असतातच. तिथे तो कसलेला ऑपरेटर काय करतो? एक बारीक ब्रश घेतो आणि केस काढतो, चित्रकार काढतो तसे, एकेक. सॉफ्टवेअरही तेच करते. सिलेक्ट अँड मास्कमध्ये 'डीकंटॅमिनेट कलर्स' नावाची खूण केली की कडेवरच्या बिंदूंतला मरून रंग काढून तिथे केसांशी जुळणारा रंग भरला जातो. म्हणजे हात असो वा यंत्र, दोघेही तिथे नसलेली माहिती भरतात. आपले डोळेही त्यातलेच. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझ्झा यांनी १९५५ मध्ये दाखवलेल्या आकृतीत फक्त तीन कापलेल्या चकत्या आणि काही कोन आहेत, तरी बघणाऱ्याला मधोमध एक पांढरा त्रिकोण त्याच्या कडांसकट दिसतो. कागदावर त्या कडा नसतात.

मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न तो हाच. कठीण फोटोत कड सापडत नाही तेव्हा बहुतेक वेळा ती फोटोत नसतेच. मग जी रेघ ओढली जाते तिला सिलेक्शन म्हणणे सोयीचे असले तरी ते चित्र काढणे आहे. ते कोणी काढले यापेक्षा कुठे काढले याला मी अधिक महत्त्व देतो. लग्नाच्या अल्बममध्ये राजवाडा खोटा आहे हे नवरी, नवरा, दोन्हीकडचे पाहुणे अशा सगळ्यांना माहीत असते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या भाऊंच्या मागचा सिंहही कोणी खरा धरत नाही. तिथे कड बटणाने आली की ब्रशने, हा फक्त सुबकतेचा आणि पैशांचा प्रश्न आहे. ओळखपत्राच्या फोटोत, पंचनाम्याच्या फोटोत, बातमीच्या आणि निसर्गाच्या फोटोत तो तेवढाच राहत नाही.

निसर्गाचे उदाहरण मला सर्वांत अडचणीचे वाटते. ताडोबातल्या वाळक्या बांबूत बसलेला बिबट्या किंवा पाचोळ्यावर बसलेला रातवा यांचे सबंध आयुष्यच पार्श्वभूमीतून वेगळे न दिसण्यावर चालते. अॅबट थेयर हा अमेरिकन चित्रकार. प्राण्यांच्या पाठी गडद आणि पोटे फिकी असल्याने अंगावरची सावली मारली जाते आणि प्राणी सपाट, न उठणारा दिसतो, हे त्याने मांडले. १९०९ मध्ये त्याच्या विचारांवरचा मोठा ग्रंथ निघाला. चित्रकार असल्यामुळेच त्याला ते दिसले असावे. (पुढे गडी इतका वाहवला की रोहितांचा गुलाबी रंग सूर्यास्ताच्या आकाशात लपण्यासाठी आहे असेही म्हणाला, आणि थिओडोर रूझवेल्टकडून त्याची यथेच्छ टर उडवली गेली. ठाण्याच्या खाडीवर भर दुपारी रोहित पाहिलेल्या कोणालाही रूझवेल्टची बाजू पटेल.) ठिपके आणि पट्टे बाह्यरेषा मोडतात. संगणकाला जी रेषा हवी असते तीच निसर्गाने तिथे पुसून ठेवलेली असते. २०२० मध्ये अशा लपलेल्या जीवांच्या शोधासाठी दहा हजार चित्रांचा 'कॉड टेन के' नावाचा संग्रह संशोधकांनी तयार केला, कारण नेहमीच्या चित्रांवर शिकलेली यंत्रे इथे अडखळत होती.

आता लाइटरूममध्ये २०२१ पासून मिळणारे सब्जेक्टचे मास्किंग वापरून तो बिबट्या एका क्लिकमध्ये निवडता येतो. त्याला थोडे उजळ करायचे, मागचे बांबू थोडे काळवंडायचे. कापलेले काही नाही, जोडलेले काही नाही. फोटो उठून दिसतो, लाइक मिळतात. यात काय बिघडले? शाळेच्या पुस्तकात रातवा दाखवायचा असेल तर माझ्या मते काहीच नाही. मुलाला पक्षी दिसला पाहिजे. उलट, हा पक्षी पाचोळ्यात असा मिसळून जातो असे त्या फोटोखाली लिहायचे असेल, तर उजळलेला रातवा ओळीलाच खोटे पाडतो. स्पर्धेत तो पाठवणे आणखी वाईट, कारण परीक्षकाला छायाचित्रकाराची नजर तपासायची असते आणि समोर येते स्लायडरची.

वृत्तसंस्थांनी याचा विचार आपल्या आधी केलेला आहे. असोसिएटेड प्रेसच्या नियमांत फोटोतली कुठलीही गोष्ट काढायला किंवा घालायला बंदी आहेच; पण पार्श्वभूमी धूसर करून किंवा फार काळी करून नाहीशी करणेही तिथे चालत नाही. पार्श्वभूमी घालवायला कात्री लागतेच असे नाही, हे तो नियम लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. फसवणुकीला हेतू दुष्ट असावा लागतो असेही नाही. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले ते आडवा फोटो उभ्या पानात बसावा म्हणून. पानाची सोय झाली, पण मासिकाला ते प्रकरण पुढे कित्येक वर्षे ऐकून घ्यावे लागले. तेव्हा त्यासाठी महागडी यंत्रणा लागत असे. आज मोबाइलचा पोर्ट्रेट मोड न विचारताच तुमचा विषय ठरवतो, बाकीचे धूसर करतो आणि जाता जाता आजोबांच्या चष्म्याची काडीही धूसर करून टाकतो.

यावर एक जुना आणि रास्त तोडगा सांगितला जातो, तो म्हणजे फोटो काढतानाच विषय सुटा काढा. नवरीला पडद्यापासून चार पावले पुढे घ्या, मागून एक छोटा लाइट केसांवर टाका, रॉ फाइलमध्ये शूट करा. चौदा बिटच्या रॉमध्ये एका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीईजीत २५६. अंधारातला जो फरक जेपीईजीने चुरगळून टाकला तो रॉमध्ये पुष्कळदा जिवंत असतो. एक्स्पोजर वर ओढून एक वेगळी प्रत केवळ मास्क बनवण्यासाठी काढता येते. याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पण सांगणे सोपे आहे. मंगलाष्टकांत 'सावधान' होऊन अक्षता उडत असताना छायाचित्रकाराने नवरीला चार पावले पुढे बोलवावे अशी अपेक्षा ज्याने कधी मांडवात उभे राहून काम केलेले नाही तोच करेल. आषाढी वारीत भरून आलेल्या आकाशासमोर पांढऱ्या टोप्या आणि पांढरे सदरे चालत असतात. तिथे मागून लाइट कोण लावणार, आणि का लावावा?

त्या वारीच्या फोटोवरून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. आकाश आणि वारकरी वेगळे होत नसतील तर तो त्या सकाळचा उजेड आहे. आकाश बदलून निळे करण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०२० पासून एका मेनूत आहे, आणि ती वापरली की टोप्यांच्या कडेने एक फिकट रेघ उमटते ती घालवता घालवता संध्याकाळ होते. एवढ्या खटपटीनंतर हाती येतो तो पाऊस नसलेला आषाढ. विषय सोडवणे जितके अवघड जात आहे तितकी पार्श्वभूमी त्या फोटोचा भाग झालेली आहे, हे बऱ्याचदा खरे ठरते. नेहमी नाही. मरून पडद्याविषयी मला एवढा आदर नाही.

एक मुद्दा थोडक्यात, पण गंभीर. फुकट कटिंग करून देणाऱ्या वेबसाइटवर आपण टाकलेला फोटो आपल्या संगणकावरून निघून दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. वस्तूंच्या फोटोचे ठीक आहे. लोकांच्या मुलीबाळींचे, बारशाचे, हळदीचे फोटो कोणाला न विचारता असे पाठवणे योग्य नाही, मग मास्क कितीही सुंदर येवो. फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही सिलेक्ट सब्जेक्टसाठी 'डिव्हाइस' आणि 'क्लाउड' असे दोन पर्याय असतात. त्यात आपण कुठला ठेवला आहे हे एकदा प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बघावे. ज्यांना सबस्क्रिप्शन परवडत नाही त्यांच्यासाठी गिंप फुकट आहे आणि त्यात फोरग्राउंड सिलेक्ट आपल्याच संगणकावर चालते. जरा हट्टी साधन आहे, पण चालते.

तर निवाडा काय? सजावटीच्या कामात पहिले सिलेक्शन यंत्राला करू द्यावे, त्यात कमीपणा नाही. त्यानंतरची कड माणसाने बघावी, शंभर टक्क्यांवर मोठी करून: केस, नथ, बोटांमधल्या फटी, चष्म्याची काडी, पातळ कापड. जे खोडायचे ते मास्कने झाकावे, इरेझरने पुसू नये, म्हणजे चुकले तर परत येता येते. जिथे कड दिसतच नाही तिथे ती काढण्याआधी ग्राहकाला विचारावे की दुसरा फोटो चालेल का. अर्ध्या वेळा चालतो. बातमी, निसर्ग आणि ओळखपत्र यांत कड काढूच नये, आणि उजळ-गडद करण्यापुरते सिलेक्शन वापरले असेल तर तसे सांगावे. कसलेल्या ऑपरेटरच्या तासाभराच्या कामाचे पैसे बिलात वेगळे दाखवावेत. ते 'एडिटिंग' या एका शब्दात गडप होतात म्हणूनच बटण स्वस्त वाटते.

आणि अल्बम मंजूर करायला बसणाऱ्या घरच्यांना एक विनंती. स्क्रीनवर पाने भराभर पुढे ढकलू नका. दोन-चार फोटो मोठे करून कानामागे आणि नथीच्या आत काय दिसते ते बघा, खटकले तर तिथल्या तिथे सांगा, आणि राजवाड्याच्या फोटोंसोबत मरून पडद्याचे मूळ फोटोही पेनड्राइव्हवर मागून घ्या.